इंग्रजी लेखनांतील सांधे

समजा, तालुक्याच्या गांवच्या एका विद्यार्थ्यास फीमाफीसाठीं इंग्रजींतून अर्ज करावयाचा आहे. वडील आजारी आहेत, शेतीचें काम थांबलें आहे आणि सहामाहीची फी भरण्यास घरांत पैसा नाहीं, एवढेंच त्याला सांगावयाचें आहे. शब्दकोश जवळ घेऊन तो तीन वाक्यें लिहितो. पहिल्या वाक्यांत वडिलांचा आजार येतो. दुसऱ्याच्या आरंभीं ‘हाउएव्हर’ हा भारदस्त शब्द घालून फी भरतां येत नाहीं असें तो लिहितो, आणि तिसऱ्यांत ‘मोअरओव्हर’ म्हणून माफीची विनंती करतो. तिन्ही वाक्यें व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत. स्पेलिंगही कोठें चुकलेलें नाहीं. परंतु दूरच्या कचेरींत बसलेल्या वाचकाच्या पदरीं काय पडतें? ‘वडील आजारी आहेत. असें असूनही मला फी भरतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर मला माफी द्यावी.’ जणुं कांहीं वडील अंथरुणास खिळले म्हणजे घरांत पैसा यावयास हवा होता! दुःख खरें, गरज खरी; परंतु दोन शब्द भलत्या जागीं बसल्यामुळें करुण अर्ज हास्यास्पद झाला.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाचें सारें लक्ष बहुधा तीन गोष्टींकडे असतें: शब्दसंग्रह, क्रियापदांचे काळ आणि शब्दयोगी अव्ययें. या तिहींची काळजी घेतली म्हणजे लेखन शुद्ध होतें हें खरें. पण शुद्ध झालें म्हणजे तें समजतेंच असें नाहीं. एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर वाचकास हात धरून नेणारे जे लहानमोठे शब्द असतात, त्यांचा विचार शेवटीं होतो, किंवा होतच नाहीं. सुतारानें चांगलें सागवान आणून फळ्या उत्तम रंधाव्या आणि सांधे मात्र कसेबसे ठोकावे, तसाच हा प्रकार होय. दार कुरकुरूं लागतें तें फळींत नव्हे, सांध्यांत.

बोलतांना या सांध्यांची उणीव फारशी भासत नाहीं. समोरासमोर बोलणारा मनुष्य भुंवई उंचावतो, हात हालवितो, मध्येंच थांबतो; ‘आतां पुढचें म्हणणें मागच्याच्या विरुद्ध आहे’ ही सूचना ऐकणाऱ्याला चेहऱ्यावरूनच मिळते. रेडिओवर बोलणाऱ्यास चेहरा नसतो, पण आवाज तरी असतो. लिहिणाऱ्यास यांतलें कांहींच नाहीं. त्याची भुंवई, त्याचा हात आणि त्याचा विराम या सर्वांचें काम कागदावर दोनच गोष्टी करतात: एक विरामचिन्ह आणि दुसरी हे सांधणारे शब्द.

ही गरज मराठीला अपरिचित होती असें मात्र कोणीं समजूं नये. मोडी लिपींतील जुन्या पत्रांत विरामचिन्हें नसत आणि शब्दही एकापुढें एक सलग लिहिले जात. तरीही पेशवाईंतील कारकुनाचें पत्र वाचणारास मजकुराचें वळण बरोबर कळे. कारण ‘ऐसियास’ म्हटलें कीं मागची हकीकत संपून तिच्यावरील विचार सुरू झाला, ‘यास्तव’ म्हटलें कीं निष्कर्ष आला, आणि ‘बहुत काय लिहिणें’ म्हटलें कीं पत्र आवरतें झालें, हें उभयतांस ठाऊक असे. पुढें एकोणिसाव्या शतकांत मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीनें इंग्रजी धर्तीचीं विरामचिन्हें मराठींत रूढ झालीं आणि त्या जुन्या शब्दांपैकीं कित्येक मागें पडले. सांगण्याचा मुद्दा इतकाच कीं, वाचकास वळणावर खूण करून देणें ही कांहीं परकी कला नव्हे. प्रत्येक भाषेच्या खुणा मात्र वेगळ्या असतात, आणि एका भाषेच्या खुणा दुसरींत जशाच्या तशा रोवल्या म्हणजे वाटसरू चुकतो.

इंग्रजींतील या शब्दांचें मूळ पाहिलें तर त्यांचा स्वभाव लवकर कळतो. ‘देअरफोर’ याचा शब्दशः अर्थ ‘त्याकरितां’. ‘बिकॉज’ हा ‘बाय कॉज’, म्हणजे ‘कारणानें’, असा जोडून झालेला शब्द आहे. ‘नेव्हरदलेस’ हे तर तीन शब्द उघड उघड एकत्र चिकटलेले आहेत. ‘त्यामुळें मुळींच कमी नाहीं’ हा त्यांचा भाव. ‘हेन्स’ म्हणजे ‘येथून’, ‘दस’ म्हणजे ‘अशा रीतीनें’. रोजचा ‘बट’ देखील जुन्या इंग्रजींत ‘बाहेर’ किंवा ‘वगळून’ अशा अर्थाचा होता. म्हणजे हे शब्द निव्वळ शोभेचे नव्हेत. प्रत्येकाच्या पोटांत एक विधान आहे: मागच्या वाक्याशीं पुढच्याचें नातें अमुक आहे, असें तो शपथेवर सांगतो. नातें तसें नसेल, तर ती खोटी साक्ष होते.

हीं नातीं थोडकींच आहेत. भर घालणें, विरोध दाखविणें, कारण व परिणाम सांगणें, काळाचा किंवा मुद्द्यांचा क्रम लावणें, उदाहरण देणें आणि समारोप करणें, एवढ्या सहा प्रकारांत बहुतेक सारें येतें. मुलांना प्रत्येक प्रकाराखालीं दहा-दहा शब्दांची यादी पाठ करावयास देतात. यादी निरुपयोगी नाहीं. पण तिच्यामुळें एका ओळींतील सर्व शब्द एकाच किमतीचे आहेत असा समज होतो, आणि घोटाळ्यास तेथूनच प्रारंभ होतो.

‘शिवाय’ या एका मराठी शब्दाचेंच पाहावें. त्याला इंग्रजींत ‘ऑल्सो’, ‘बिसाइड्स’, ‘मोअरओव्हर’ असे प्रतिशब्द मिळतात. ‘ऑल्सो’ नुसती भर घालतो. ‘बिसाइड्स’ म्हणजे ‘तें राहूं द्या, आणखी हेंही आहे’. ‘मोअरओव्हर’ मात्र वजनदार आहे. मागच्या मुद्द्याला बळकटी आणणारा, निदान त्याच्या तोडीचा मुद्दा पुढें आहे, असें तो वचन देतो. ‘घर जळालें, मोअरओव्हर एक छत्री हरवली,’ असें लिहिणाऱ्यानें वाचकास जिना चढविला आणि वर गच्चीच ठेवली नाहीं.

‘शेवटीं’ या शब्दाचीही तीच गोष्ट. तीन मुद्दे सांगून चौथा सांगावयाचा असेल तेव्हां ‘लास्टली’. पुष्कळ वाट पाहिल्यावर, दीर्घ प्रयत्नानंतर एखादी गोष्ट घडली तेव्हां ‘ॲट लास्ट’. सभेच्या अहवालांत ‘ॲट लास्ट अध्यक्षांनीं भाषण केलें’ असें लिहिलें तर मंडळी कंटाळून गेली होती असा अर्थ होतो. तो खराही असेल, पण अहवालांत यावयाचा नसतो. ‘प्रथम’ या अर्थीं ‘फर्स्ट’ आणि ‘ॲट फर्स्ट’ यांतही असेंच अंतर आहे. ‘ॲट फर्स्ट’ म्हटलें कीं पुढें स्थिति पालटली हें वाचक गृहीत धरतो. ‘ॲट फर्स्ट तो प्रामाणिक होता’ असें शिफारसपत्रांत लिहिणें म्हणजे त्या माणसाची भाकर हिरावून घेणेंच होय.

‘उलट’ हा शब्द याहूनही फसवा आहे. ‘विहीर आटली आहे काय? उलट, कांठोकांठ भरली आहे.’ येथें मागचें म्हणणें साफ खोडून काढावयाचें आहे. येथें ‘ऑन द कॉन्ट्ररी’ शोभतो. ‘विहीर खोल आहे, उलटपक्षीं पाणी खारें आहे.’ येथें कांहींच खोडावयाचें नाहीं. विहीर खोलही आहे आणि पाणी खारेंही आहे. दोन बाजू तराजूच्या दोन पारड्यांत ठेवावयाच्या आहेत, म्हणून येथें ‘ऑन द अदर हँड’ पाहिजे. पहिल्याच्या जागीं दुसरा पडला तर ज्याचें खंडन करावयाचें, त्यालाच मान्यता दिल्यासारखें होतें.

आतां ज्या चुका मराठी वळणामुळेंच होतात त्यांकडे वळणें इष्ट होईल. मराठींत वाक्यें जोडीनें चालतात. ‘जर’ म्हटलें कीं ‘तर’ आलाच, ‘जेव्हां’ला ‘तेव्हां’ हवा, ‘जरी’ला ‘तरी’ हवा. दोन बैलांपैकीं एक सोडला तर गाडी अडते. इंग्रजी गाडी मात्र बहुधा एका बैलावर चालते. ‘ऑल्दो’नें वाक्य सुरू केलें कीं विरोध सांगून झाला, पुढच्या अर्ध्या भागांत ‘बट’ घातला तर एकच गोष्ट दोनदां सांगितली जाते व वाक्याची रचना मोडते. ‘ऑल्दो पाऊस पडत होता, बट आम्हीं गेलों,’ हें मराठी कानाला गोड आणि इंग्रजी कानाला कडू. ‘ऑल्दो’ राखावा किंवा ‘बट’ राखावा, दोन्ही नकोत. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘ऑल्दो’च्या जोडीस ‘येट’ आढळतो व तो चुकीचा नव्हे, पण त्याचीही गरज नसते. ‘बिकॉज’नें आरंभ केलेल्या वाक्याच्या मध्यावर ‘देअरफोर’ घालणें हें याच चुकीचें दुसरें रूप.

‘कारण’ आणि ‘बिकॉज’ यांचा संसारही वेगळा आहे. मराठींत ‘तो आला नाहीं. कारण तो आजारी होता.’ अशीं दोन सुटीं वाक्यें चालतात. ‘कारण’ स्वतःच्या पायांवर उभा राहतो. ‘बिकॉज’ तसा नाहीं. तो आपल्या पुढचें वाक्य परावलंबी करून टाकतो. त्याला मुख्य वाक्याचा आधार त्याच वाक्यांत हवा. पूर्णविराम देऊन पुढें एकटें ‘बिकॉज’चें वाक्य ठेवलें तर औपचारिक लेखनांत तें तुटक समजलें जातें. पूर्णविराम काढून टाकला कीं दुखणें बरें होतें.

याहून सूक्ष्म भेद ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ यांचा. अर्थ जवळजवळ एक, पण जात वेगळी. ‘बट’ हें उभयान्वयी अव्यय आहे. दोन वाक्यें जोडण्याचा अधिकार त्याला आहे, म्हणून त्याच्या आधीं स्वल्पविराम पुरतो. ‘हाउएव्हर’ हें क्रियाविशेषण आहे; तें नातें दाखवितें, पण वाक्यें जोडीत नाहीं. त्याच्या आधीं पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि त्याच्या नंतर स्वल्पविराम. नुसत्या स्वल्पविरामावर ‘हाउएव्हर’ टांगलें तर दोन वाक्यें मध्यें कडी न लावतां शेजारीं उभीं केल्यासारखें होतें. ‘देअरफोर’, ‘मोअरओव्हर’ आणि ‘नेव्हरदलेस’ यांनाही हाच नियम लागू आहे. हा एक नियम नीट समजला तर शाळकरी निबंधांतील विरामचिन्हांच्या पुष्कळशा चुका आपोआप नाहींशा होतील.

आणि येथेंच मराठी माणसाच्या पदरांत एक अनपेक्षित लाभ आहे. ‘भावांनीं जमिनी विकल्या. गोपाळानें मात्र आपली राखली.’ या वाक्यांतील ‘मात्र’ कोठें बसला आहे तें पाहावें. तो आरंभीं नाहीं. ज्याचा इतरांशीं विरोध दाखवावयाचा त्या गोपाळाच्या पाठीशीं तो उभा आहे. इंग्रजींतही ‘हाउएव्हर’ नेमका तेथेंच, म्हणजे ‘गोपाळ’ या शब्दानंतर, दोन्ही बाजूंस स्वल्पविराम देऊन ठेवतां येतो, आणि मग विरोधाचा सारा प्रकाश गोपाळावर पडतो. इंग्रज मुलाला ही जागा समजावून सांगावी लागते. मराठी मुलाला ती आईच्या बोलण्यांतूनच मिळालेली असते. ‘मात्र’ जेथें बसेल तेथें ‘हाउएव्हर’ बसवून पाहावें, एवढें सांगितलें तरी पुरे. मातृभाषा परभाषेच्या आड येते असें नेहमीं म्हटलें जातें. ती वाटाड्याही होते, तें असें.

कार्यकारणाच्या शब्दांत धोका केवळ भाषेचा नसतो, सत्याचा असतो. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास उतारूंची पहिली आगगाडी गेली. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. या दोन वाक्यांमध्यें ‘देन’ किंवा ‘फोर इयर्स लेटर’ घातलें तर तें निर्विवाद आहे. ‘देअरफोर’ घातलें तर आगगाडीमुळें विद्यापीठ झालें असें प्रतिपादन झालें, आणि लेखकावर तें सिद्ध करण्याची जबाबदारी पडली. एक गोष्ट दुसरीच्या आधीं घडली म्हणून ती तिचें कारण ठरत नाहीं, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा एका लहानशा शब्दाच्या निष्काळजी वापरानें मोडतो. पोलिसांस दिलेल्या जबानींत, वैद्यास लिहिलेल्या पत्रांत किंवा वर्तमानपत्राच्या बातमींत ‘त्यानंतर’च्या जागीं ‘त्यामुळें’ पडला तर एखाद्याच्या माथीं न केलेला अपराधही बसूं शकतो.

हे शब्द जितके जड तितकें लेखन प्रौढ, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. त्याला उत्तर म्हणून इंग्रजी भाषेंतील एका अत्यंत प्रसिद्ध भाषणाची घडण पाहण्यासारखी आहे. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील गेटिसबर्ग येथें घनघोर लढाई झाली. तेथें पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या अर्पणविधीस त्याच वर्षीं १९ नोव्हेंबर रोजीं अध्यक्ष अब्राहम लिंकन हजर होते. त्यांच्या आधीं एडवर्ड एव्हरेट हे नामांकित वक्ते सुमारें दोन तास बोलले. लिंकन यांचें भाषण दोन-तीन मिनिटांचें, सुमारें २७० शब्दांचें. पण पुढें पिढ्यानुपिढ्या मुलांनीं पाठ केलें तें हेंच.

या भाषणाचे तीन परिच्छेद आहेत. पहिल्याचा आरंभ वर्षांच्या मोजणीनें होतो आणि राष्ट्राच्या स्थापनेची आठवण देतो. हा झाला भूतकाळ. दुसऱ्याचा पहिला शब्द ‘नाउ’, म्हणजे ‘आतां’. त्या एका शब्दानें श्रोता सत्त्याऐंशीं वर्षें ओलांडून युद्धाच्या वर्तमानांत येतो. तिसऱ्याचा पहिला शब्द ‘बट’. ही भूमि अर्पण करणें उचित आहे असें नुकतेंच म्हटलें, परंतु अधिक व्यापक अर्थानें पाहतां ती पवित्र करण्याचा अधिकार जिवंतांचा नव्हेच, असा विचार तेथून वळण घेतो. एवढ्या मोठ्या आशयाचे दोन सांधे आणि दोन्ही एकेका अवयवाचे शब्द! ‘बट’नें वाक्य आरंभूं नये हा शाळांतून सांगितला जाणारा नियम किती पोकळ आहे, हेंही येथें कळून येतें. विचारांचा क्रम मनांत पक्का असला म्हणजे लहान शब्द पुरतो. तो क्रमच नसेल तेथें मोठा शब्दही तोकडाच पडतो.

उत्तम लेखकांच्या पानावर असे शब्द मुळांत कमीच असतात, असें लक्षपूर्वक वाचणारास आढळेल. मग वाक्यें जुळतात कशीं? मागच्या वाक्यांतील शेवटचा महत्त्वाचा शब्द पुढच्याच्या आरंभीं हळूच उचलून घेतलेला असतो. ‘नदीला पूर आला. या पुरानें पूल वाहून गेला.’ येथें ‘या पुरानें’ हाच सांधा. इंग्रजींत ‘धिस’ एकटें न ठेवतां ‘धिस फ्लड’, ‘धिस डिले’, ‘धिस प्रॉमिस’ असें नामासह ठेवलें कीं वाचकास मागचें धरून पुढें जातां येतें. परिचित गोष्ट आधीं आणि नवी नंतर, या क्रमानें वाक्यें रचलीं तर प्रत्येक वाक्याच्या कपाळावर ‘मोअरओव्हर’चा टिळा लावावा लागत नाहीं. सांधणारा शब्द राखून ठेवावा तो खऱ्या वळणासाठीं. जेथें वाचक सरळ जाईल आणि लेखकास त्याला डावीकडे न्यावयाचें आहे, तेथें.

अभ्यास करूं इच्छिणाऱ्यास एक साधी रीत सांगतां येईल. निबंध किंवा पत्र लिहून झाल्यावर तें एक दिवस बाजूस ठेवावें. दुसऱ्या दिवशीं पेन्सिल घेऊन प्रत्येक सांधणाऱ्या शब्दाभोंवतीं वर्तुळ काढावें. मग तो शब्द झांकून दोन्ही वाक्यें वाचावीं आणि त्यांच्यांतील नातें मराठींत मोठ्यानें म्हणावें: ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘त्यानंतर’, ‘उदाहरणार्थ’. ओठांवर आलेला मराठी शब्द आणि झांकलेला इंग्रजी शब्द एकाच अर्थाचे निघाले तर ठीक. वेगळे निघाले तर इंग्रजी शब्द बदलावा. झांकल्यावरही नातें स्पष्टच असेल तर तो शब्द खुशाल काढून टाकावा. आणि कोणताच मराठी शब्द ओठांवर येत नसेल, तर दोष शब्दाचा नसून विचाराचा आहे असें समजावें. तेथें वाक्यांचा क्रमच पुन्हां लावावा. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांची मराठीवरून इंग्रजीकडे जाण्याची वाट येथेंही उपयोगी पडते. फक्त भाषांतर शब्दाचें न करतां नात्याचें करावयाचें.

या कसोटीवर आरंभींचा अर्ज घासून पाहावा. ‘वडील आजारी आहेत’ आणि ‘फी भरतां येत नाहीं’ यांमध्यें ओठांवर काय येतें? ‘म्हणून’. तेव्हां ‘हाउएव्हर’ जावें आणि साधें ‘सो’ किंवा ‘देअरफोर’ यावें. फी भरतां येत नाहीं आणि माफी मिळावी, यांमध्यें? पुन्हां ‘म्हणून’च, पण दोनदां नको. तेथें ‘मोअरओव्हर’ काढून टाकावें व विनंतीचें वाक्य सरळ ठेवावें. मागच्या दोन वाक्यांनीं त्याची भूमिका तयार केलेलीच आहे. अर्ज पूर्वीपेक्षां आंखूड झाला, शब्द सोपे झाले, आणि कचेरींतील अनोळखी वाचकास त्या घरची अडचण जशी आहे तशी दिसली. माफी देणें न देणें त्याच्या हातीं आहे. आपलें म्हणणें त्याच्यापर्यंत न मोडतां पोंचविणें मात्र लिहिणाऱ्याच्याच हातीं असतें.